मधुमेही मांजराची मात्रा : कोणत्या आकड्यावर विसंबावे?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे

प्रश्न : आमच्या दहा वर्षांच्या बोक्याला दोन महिन्यांपूर्वी मधुमेहाचे निदान झाले. दर बारा तासांनी आम्ही त्याला ग्लार्जिन इन्सुलिनची दोन युनिटे टोचतो आणि माणसांच्या ग्लुकोमीटरवर घरीच साखर तपासतो. सकाळच्या इंजेक्शनपूर्वी आकडा ३२० ते ३४० येतो. मागच्या आठवड्यात एकदा दुपारी तपासले तेव्हा तो ८४ आला. दोन दिवसांनी दवाखान्यात मात्र ४१२ निघाला. सकाळचा आकडा खाली यावा म्हणून मात्रा अडीच युनिटे करावी का? आणि यांतला खरा आकडा कोणता?

उत्तर : मात्रा वाढवू नका. तुम्ही कळवलेल्या आकड्यांत आधी पाहायला हवा तो ३४० नव्हे, ८४. इंजेक्शन दिल्यावर साखर हळूहळू उतरते, काही तासांनी तळाला पोहोचते आणि पुढच्या इंजेक्शनची वेळ होईपर्यंत पुन्हा चढते. त्यामुळे इंजेक्शनपूर्वीचा आकडा बहुधा दिवसातल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी असतो, आणि तेवढाच पाहून मात्रा वाढवली तर वरचा आकडा थोडाफार उतरेलही, पण तळ आणखी खोल जाईल. घरच्या तपासणीत हा तळ साधारण ८० ते १५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यात असावा, असे उद्दिष्ट आम्ही ठेवतो. तुमचा बोका त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाशी येऊन ठेपला आहे. अर्धे युनिट ऐकायला किरकोळ वाटते, परंतु दोन युनिटांवर ती २५ टक्के वाढ होते.

साखर चढलेली राहिल्याने होणारे नुकसान आठवड्या-महिन्यांचे असते. साखर फार उतरल्याने मांजर काही तासांत दगावू शकते. इन्सुलिनच्या बाबतीत शंका आली की आम्ही नेहमी कमी मात्रेच्या बाजूने कौल देतो, तो यासाठीच.

आता ४१२ विषयी. मांजर घाबरले की त्याची साखर झपाट्याने चढते. पिंजरा, प्रवास, अनोळखी वास आणि कुत्र्यांचे भुंकणे यांमुळे मधुमेह नसलेल्या मांजराची साखरही ३०० च्या पुढे गेलेली आढळते. दुसरे कारण यंत्राचे आहे. माणसाच्या रक्तातल्या साखरेचा बराच भाग तांबड्या पेशींत असतो, मांजराच्या रक्तात ती जवळजवळ सगळी रक्तद्रवात असते. म्हणून माणसांसाठी बनवलेला ग्लुकोमीटर मांजराचा आकडा बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखवतो. तो वापरण्यास हरकत नाही, मात्र प्रत्येक वेळी तोच मीटर वापरावा आणि कोणता वापरता हे आपल्या पशुवैद्यांना सांगून ठेवावे. प्राण्यांसाठीचा मीटर मिळाल्यास तो अधिक चांगला. त्यावर मांजरासाठीचा कोड निवडला आहे ना, हे तेवढे पाहावे.

तुम्हाला सध्या गरज आहे ती पूर्ण आलेखाची. बोका नेहमीप्रमाणे खात-पीत असेल असा एक दिवस निवडा. सकाळी खाण्यापूर्वी व इंजेक्शनपूर्वी एकदा आणि नंतर दर दोन तासांनी, असे बारा तास साखर तपासून वेळेसह लिहून ठेवा. त्यावरून तीन गोष्टी कळतील : तळ किती खोल आहे, तो किती तासांनी येतो आणि तिथे साखर किती वेळ टिकते. तळ योग्य असूनही साखर लवकर वर चढत असेल, तर त्याचा अर्थ मात्रा अपुरी आहे असा होत नाही; इन्सुलिनचा परिणाम बारा तास पुरत नाही असा होतो, आणि त्यावर इन्सुलिनचा प्रकार किंवा आहार बदलण्याचा विचार करावा लागतो. मात्रा बदलल्यानंतरही पाच ते सात दिवस जाऊ द्यावेत, त्याआधी निष्कर्ष काढू नये. तळ ८० च्या खाली दिसला तर मात्र आठवड्याची वाट न पाहता, पुढचे इंजेक्शन देण्यापूर्वी, पशुवैद्यांना विचारून मात्रा कमी करावी.

कानातून रक्त काढताना अनेकांची तारांबळ उडते, म्हणून तेही सांगतो. कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेले फडके कानाच्या कडेला मिनिटभर धरावे आणि मग कान नीट कोरडा करावा, कारण ओल राहिली तर थेंब पातळ होऊन आकडा चुकतो. कडेच्या केसांवर व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवला की थेंब केसांत न पसरता गोल उभा राहतो. कानामागे दुमडलेला कापूस धरून, शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या अरुंद जागेत लॅन्सेट (रक्ताचा थेंब काढायची बारीक सुई) टोचावी. पट्टीने थेंब शोषून घेतला की कापूस मिनिटभर दाबून ठेवावा, म्हणजे तिथे काळे-निळे पडत नाही. लगेच आवडीचा घास द्यावा. चार-आठ दिवसांत बहुतेक मांजरे त्या घासासाठी स्वतःहून येऊन बसतात. तरीही बोका अजिबात टोचू देत नसेल तर त्वचेवर चिकटवायचा सेन्सर किंवा दवाखान्यात होणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी हे पर्याय आहेत. फ्रुक्टोसामाइनवरून मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी समजते, पण दुपारी साखर किती उतरली होती हे त्यावरून कळत नाही.

आणखी एक गोष्ट प्रत्येक पालकाला माहीत असायलाच हवी. उपचार लवकर सुरू झाले आणि कर्बोदके कमी असलेला ओला आहार दिला, तर पुष्कळ मांजरांची इन्सुलिनची गरज पहिल्या काही महिन्यांत घटत जाते आणि काहींची तर पूर्ण थांबते. गरज घटली आणि मात्रा तीच राहिली की साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. म्हणजे मांजर सुधारू लागते तेव्हाच डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. चालताना झोकांड्या जाणे, अंग थरथरणे, एकाएकी भूक खवळणे, टक लावून बसून राहणे किंवा आकडी येणे, यांपैकी काही दिसले किंवा आकडा ६० च्या खाली गेला, तर मांजर शुद्धीवर असताना त्याला ताबडतोब खायला द्यावे. खात नसेल तर मध किंवा ग्लुकोजचा पाक बोटाने हिरड्यांवर चोळावा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काहीही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडी किंवा बेशुद्धी असल्यास तपासणीत वेळ न घालवता हिरड्यांना मध लावून थेट दवाखाना गाठावा. मांजर सावरले तरी पशुवैद्यांशी बोलावेच, कारण ग्लार्जिनचा परिणाम बराच वेळ चालू असतो आणि साखर पुन्हा उतरू शकते.

प्रश्न : इंजेक्शन देताना मांजरी हलली आणि तिचे केस ओले लागले. औषध आत गेले की नाही, ते कळले नाही. अशा वेळी पुन्हा टोचावे का? आणि तिने जेवण टाकले तर काय करावे?

उत्तर : पुन्हा टोचू नये. अर्धे औषध गेले असेल, पूर्ण गेले असेल, किंवा काहीच गेले नसेल. बाहेरून ते ओळखता येत नाही. एक इंजेक्शन चुकल्याने बारा तास साखर चढी राहील, दुहेरी मात्रेने जीव जाऊ शकतो. पुढचे इंजेक्शन ठरलेल्या वेळी, नेहमीच्याच मात्रेत द्यावे. घरात दोघे-तिघे मिळून काळजी घेत असाल तर भिंतीवर तक्ता लावून देणाऱ्याने टोचताक्षणीच खूण करावी. ‘तुम्ही दिले असेल’ आणि ‘तू दिले असशील’ यांतून दोनदा इंजेक्शन दिले गेल्याची उदाहरणे आम्ही पाहतो. मानेमागच्या जाड कातडीऐवजी कुशीच्या बाजूची सैल कातडी अलगद उचलून टोचले आणि जागा रोज थोडी बदलली, तर औषध बाहेर सांडण्याची शक्यता कमी होते.

जेवणाविषयी : तिने नेहमीच्या निम्मेच खाल्ले किंवा काहीच खाल्ले नाही, तर पूर्ण मात्रा देऊ नये, किती द्यावी हे फोनवर विचारून घ्यावे. अन्न टाकण्याबरोबर उलट्या किंवा मरगळ असेल तर तो त्याच दिवशी दवाखान्यात नेण्याचा प्रसंग आहे. अशा वेळी रक्तात केटोन (साखरेऐवजी चरबी जाळली गेल्याने तयार होणारी घातक द्रव्ये) साचलेले असू शकतात, आणि ती अवस्था घरी हाताळण्यासारखी नसते.

प्रश्न : आमच्या मांजराचे इन्सुलिन बदलले आहे. जुन्या सिरिंज पुष्कळ उरल्या आहेत, त्या वापरल्या तर चालतील का?

उत्तर : आधी बाटली आणि सिरिंज या दोन्हींवरचे अंक जुळतात का ते पाहावे. प्राण्यांसाठीची काही इन्सुलिने यू-४० असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटे. ग्लार्जिन सर्वसाधारणपणे यू-१०० असते. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजमध्ये ‘२’ या खुणेपर्यंत ओढले तर मांजराला दोन नव्हे, पाच युनिटे मिळतात. उलट यू-४० इन्सुलिन यू-१०० च्या सिरिंजमध्ये त्याच खुणेपर्यंत घेतले तर केवळ ०.८ युनिट मिळते, आणि औषध लागू पडत नाही असे समजून मात्रा वाढवली जाते. पहिली चूक तातडीची, दुसरी फसवी. अंक जुळत नसतील तर जुन्या सिरिंज घरात ठेवूच नका. अर्ध्या युनिटाच्या खुणा असलेली ०.३ मिलिलिटरची यू-१०० सिरिंज ग्लार्जिनसाठी सोयीची असते. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, पण गोठू देऊ नये. गोठलेली बाटली वितळली तरी टाकून द्यावी.

प्रश्न : मांजरांच्या मधुमेहावर आता गोळी निघाली आहे असे ऐकले. इन्सुलिन बंद करून ती सुरू करता येईल का?

उत्तर : अमेरिकेत बेक्साग्लिफ्लोझिन या गोळीला डिसेंबर २०२२ मध्ये आणि वेलाग्लिफ्लोझिन या पातळ औषधाला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही औषधे मूत्रपिंडांमार्फत साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. मात्र ही मान्यता आधी इन्सुलिनवर नसलेल्या, इतर बाबतींत निरोगी असलेल्या मांजरांसाठी आहे. ज्या मांजराच्या शरीरात स्वतःचे इन्सुलिन फारसे उरलेले नाही, त्याचे इंजेक्शन थांबवून हे औषध दिले तर साखर जवळपास नेहमीइतकी दिसत असतानाच केटोन साचू लागतात, आणि ग्लुकोमीटरवरून तो धोका अजिबात लक्षात येत नाही. तुमचे मांजर इन्सुलिनवर असल्यामुळे ते चालू ठेवावे.