इकॉनॉमायझरवर पैसे घालण्याआधी स्लाइड व्हॉल्व्हची नोंद बघा

तुमच्या स्क्रू चिलरवर (स्क्रू कॉम्प्रेसरने पाणी गार करणारं मशीन) इकॉनॉमायझर, म्हणजे लिक्विड रेफ्रिजरंट मधल्या दाबाला आधीच आणखी गार करणारा जोड, बसवायचा प्रस्ताव आलाय. क्षमता वाढेल, वीजही वाचेल असं विक्रेता सांगतोय, पण मशीन बहुतेक वेळ निम्म्या-पाऊण लोडवरच चालतं. तर बसवावा का? मशीन स्लाइड व्हॉल्व्हनेच (कॉम्प्रेसरमधला सरकता भाग, जो किती गॅस दाबायचा ते ठरवतो) लोड कमी करत असेल, तर माझ्या मते आत्ता नको.

आर-134ए या रेफ्रिजरंटचं (मशीनमध्ये फिरणारा गॅस) उदाहरण घ्या. कंडेन्सिंग (गॅसचं लिक्विड होतं ते तापमान) 40 अंश, इव्हॅपोरेटिंग (लिक्विड उकळून पाणी गार करतं ते तापमान) 0 अंश. लिक्विडचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून खाली येताच साधारण 28 टक्के लिक्विडचा तिथल्या तिथे फ्लॅश गॅस होतो. हा गॅस पाणी गार करायच्या कामाचा नाही, तरी कॉम्प्रेसरला तो तळापासून वरपर्यंत दाबावाच लागतो. इकॉनॉमायझर त्यातला मोठा हिस्सा मधल्या दाबालाच वेगळा काढतो (इथे साधारण साडेपाच बार अ‍ॅब्सोल्यूट) आणि कॉम्प्रेसरच्या मधल्या पोर्टमध्ये सोडतो. त्या गॅसला अर्धीच चढण उरते. इकॉनॉमायझर दोन प्रकारचा असतो: फ्लॅश टँक किंवा प्लेट एक्स्चेंजर. फ्लॅश टँक असेल तर बाकीचं लिक्विड 18 अंशांवर येतं आणि खाली जेमतेम 12 टक्के फ्लॅश होतं. सक्शनच्या दर किलोमागे कूलिंग 142 वरून 174 किलोज्यूल होतं, म्हणजे क्षमता 22 टक्क्यांनी वाढली. पण कॉम्प्रेसर वीजही जास्त घेतो. त्यामुळे दर टन कूलिंगमागची विजेची बचत आदर्श चक्रातसुद्धा 10 टक्क्यांच्या आसपासच राहते, प्रत्यक्षात त्याहून कमी. प्रस्तावात 22 चा आकडा ठळक असेल, तर हा दुसरा आकडा लेखी मागा.

खरी गोम पार्ट लोडला आहे. स्लाइड व्हॉल्व्ह सरकला की कॉम्प्रेशन उशिरा सुरू होतं, पोर्ट मात्र आपल्या जागीच असतो. मग पोर्टवरचा दाब घसरत सक्शनच्या जवळ येतो आणि मधला गॅस पुन्हा जवळपास तळापासूनच दाबावा लागतो. फायदा संपला. म्हणूनच बऱ्याच मशीनमध्ये 70-75 टक्क्यांच्या खाली कंट्रोलर इकॉनॉमायझरचा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारा व्हॉल्व्ह) बंदच करतो. तुमचं मशीन नेमकं त्याच्याच खाली वर्षभर चालत असेल, तर तो इकॉनॉमायझर नुसता शोभेला. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर गोष्ट वेगळी: स्लाइड पूर्ण लोडच्या जागी ठेवून वेग कमी केला, तर पोर्टचा दाब बराचसा टिकतो.

ब्राइन (शून्याखाली न गोठणारं मिठाचं पाणी) किंवा फ्रीझिंगचं काम असतं तर मी डोळे झाकून हो म्हटलं असतं. उणे 35 अंशांना आर-404ए मध्ये निम्म्याच्या वर लिक्विड फ्लॅश होतं. अमोनियात 40 आणि 0 अंशांना हेच प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे पाण्याच्या चिलरवर तिथे कमाई थोडी.

इकॉनॉमायझरचा विचार करण्याआधी कंडेन्सर बघा, हे मी कळकळीने सांगतो. कंडेन्सिंग तापमान 1 अंशाने उतरलं की साधारण 2 ते 3 टक्के वीज वाचते, तीही कुठल्याही लोडला. ट्यूब साफ करून आणि कूलिंग टॉवर नीट चालवून 3-4 अंश मिळाले, तर इकॉनॉमायझरची गरजही थोडी कमी होते, कारण त्याची कमाई लिफ्टवरच (कंडेन्सिंग आणि इव्हॅपोरेटिंग तापमानातला फरक) असते.

तरीही बसवलात, तर मोटरचा अँपिअर मार्जिन तपासा. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह नव्याने निवडून घ्या, विशेषतः फ्लॅश टँक असेल तर, कारण व्हॉल्व्हला मिळणारा दाबातला फरक खूपच कमी होतो. पोर्टच्या लाइनवर चेक व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर मशीन थांबल्यावर गॅस उलटा येतो. इकॉनॉमायझरने आणखी गार केलेल्या (सबकूल) लिक्विडच्या पाइपला इन्सुलेशनही लागेल.

प्लेट एक्स्चेंजर काम करतोय का, हे लिक्विड लाइनवर त्याच्या आधी आणि नंतर तापमान मोजून पाच मिनिटांत कळतं. वरच्या उदाहरणासारख्या स्थितीत पूर्ण लोडला 15 अंशांच्या आसपास फरक दिसायला हवा. दोन-तीनच अंश दिसले, तर आधी सोलेनॉइड उघडा आहे का ते बघा, मग इकॉनॉमायझरच्या व्हॉल्व्हचा सुपरहीट (गॅस उकळबिंदूपेक्षा किती अंश जास्त गरम आहे ते).

महिन्याभराची स्लाइडची टक्केवारी आणि कंडेन्सिंग तापमान, दोन्ही तासातासाने नोंदवून इथे टाका. 75 टक्क्यांच्या वरचे तास मोजले की बसवायचा की नाही हे आकड्यांवरच ठरेल.