घरची वाइन, हॉटेलचं जेवण

प्रश्न : ताई, आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत. बाबांनी गंगापूर रोडच्या एका वायनरीतनं आणलेली शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन जपून ठेवलीय, तीच त्या रात्री उघडायची म्हणतात. नाशकात असं चालवून घेणारं हॉटेल कसं शोधू?
– एक मुलगी, कॉलेज रोड

उत्तर : अगं, आधी लायसन बघ. ज्या हॉटेलला परमिट रूम नाही तिथं बाटली काढूच नकोस, मालक 'चालतंय की' म्हणाला तरी, कारण आपल्याकडे दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि विनापरवाना जागेत पिणं-पाजणं हा गुन्हाच आहे, ऐन लग्नाच्या वाढदिवशी कटकट कशाला! लायसन असलं तरी बाहेरची बाटली चालेलच असं नाही. चार दिवस आधी दुपारी तीन-चारला फोन कर, थेट मॅनेजरशी बोल, कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडू देण्याचे पैसे, किती, बाटलीमागे की माणसामागे, ते व्हॉट्सॲपवर लिहून घे. माझ्याकडून एकदा एका ठिकाणी कॉर्केज घेतलं आणि वाइन दिली पाण्याच्या स्टीलच्या पेल्यात! त्यामुळे काचेचे ग्लास आणि बर्फाची बादली आहे का तेही विचार. शेनिन गार हवी, ८-१० डिग्री, म्हणून दुपारीच फ्रिजमध्ये टाक आणि गाडीच्या डिकीत तापू देऊ नकोस. ७५० मिलीत पाचेक ग्लास होतात, सहाजण असाल तर एक बाटली हॉटेलचीच घ्या, मॅनेजरही खूश. आणि हो, तारीख २ ऑक्टोबर नाही ना? ड्राय डे असतो.