भीतीच्या जागी हसू

प्रश्न : रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ हा भयपट आम्ही मित्रांनी अलीकडेच पाहिला आणि पोट धरधरून हसलो. माझे वडील मात्र तरुणपणी याच चित्रपटाला चांगलेच घाबरले होते. आमचे हसणे हा चित्रपटाचा अपमान समजावा का? आणि इतका कच्चा चित्रपट पुन्हा पाहावासा का वाटतो?
— एक वाचक, सांगली

उत्तर : अपमान मुळीच नाही, मात्र आपण नेमके कुठे हसलात, हे आठवून पाहावे. १९८४ च्या या चित्रपटात हशा पिकवण्यासाठी जगदीप यांचे ‘शोले’च्या विडंबनाचे स्वतंत्र उपकथानक आहे आणि आज तेच सर्वांत कंटाळवाणे वाटते. हसू फुटते ते भीती घालायच्या जागी, कारण तिथे कोणीही विनोद करत नसतो. सामरी या सैतानाचे मुंडके पेटीत आणि धड भलतीकडेच, ही अचाट कल्पना दिग्दर्शक तुलसी आणि श्याम रामसे शेवटपर्यंत पूर्ण गांभीर्याने सांगतात. मुद्दाम ‘वाईट’ बनवलेल्या चित्रपटांत नेमके हे गांभीर्य नसते, म्हणून ते थोड्याच वेळात शिळे होतात.

कच्चेपणाविषयी म्हणाल, तर रामसे कुटुंबातल्या सात भावांनी लेखनापासून ध्वनी-संकलनापर्यंतची कामे घरातच वाटून घेतली होती. १९७२ च्या ‘दो गज़ ज़मीन के नीचे’साठी तर अख्खे कुटुंब महाबळेश्वरला जाऊन शासकीय विश्रामगृहात उतरले आणि तिथेच चित्रीकरण केले. महागडी तंत्रे परवडत नसल्याने भिस्त धूर, रंगीत दिवे आणि माणसाच्या चेहऱ्यावर राहिली. भावांपैकी छायाचित्रण सांभाळणाऱ्या गंगू रामसे यांची प्रकाशयोजना आजही, कथेकडे दुर्लक्ष करून का होईना, पाहण्याजोगी आहे. सामरी साकारणारे अनिरुद्ध अगरवाल शिक्षणाने स्थापत्य अभियंता. त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण यांनीच रंगभूषाकाराचे अर्धे काम केले होते. काळोख्या चित्रपटगृहात, शेजारचे प्रेक्षक किंचाळत असताना तो चेहरा पडद्यावर भव्य आकारात पाहणे आणि घरी चहा पीत पाहणे, यांत वडिलांच्या भीतीचे बरेचसे उत्तर आहे.

स्वतःची थट्टा या बंधूंना वर्ज्य नव्हती. त्यांच्याच १९८८ च्या ‘वीराना’त सतीश शाह यांनी हिचकॉक नावाच्या भयपट-दिग्दर्शकाची भूमिका केली आहे. पण ती थट्टा त्या पात्रापुरतीच. चेटकिणीचा प्रसंग आला की रामसे पुन्हा तितकेच गंभीर होतात.