पाईप आधी मोजा : क्रिंपिंग टूलवर वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी एका ओळीत लिहून गेलो की कॉपरची पाण्याची लाईन हल्ली गॅस न पेटवता, नुसत्या हाताच्या क्रिंपिंग टूलने पण जोडता येते, आणि मग जे मेसेज सुरू झाले ते थांबेचनात. गंमत म्हणजे आपल्याकडे, ठाण्यात काय नि नवी मुंबईत काय, घरातल्या पाण्याला कॉपर फार कमी. जुन्या बिल्डिंगमध्ये जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाईप), नव्यात सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारा प्लास्टिकचा). पण सोलर, गीझर, एसी असं करत करत कॉपर घरात कुठे ना कुठे शिरतंच. काही प्रश्न घेतोय, सगळे जमणार नाहीत.

प्रश्न : आमचं खारघरला रो हाऊस आहे, तळमजला अधिक दोन. गच्चीवर सोलर आहे, त्याची गरम पाण्याची कॉपर लाईन खाली बाथरूमपर्यंत येते आणि दोन ठिकाणी गळतेय. मेहुणा इंग्लंडहून आला तेव्हा हाताने दाबायचं क्रिंपिंग टूल आणि १५ नि २२ एमएमची पिशवीभर फिटिंग घेऊन आला. आमचा प्लंबर म्हणतो हे खेळणं आहे, ब्रेझिंगच करा. कोणाचं ऐकू?

उत्तर : प्लंबरवर चिडू नका. त्याने आयुष्यभर ब्रेझिंग केलंय, म्हणजे ज्योतीने धातूची काडी वितळवून पाईप जोडलेत, आणि नीट केलेला ब्रेझिंगचा जॉइंट वर्षानुवर्षं हलत नाही. पण खेळणं म्हणतो ते चूक. तुमच्यासारख्या ठिकाणी तर मी क्रिंपिंगच करेन, कारण गळकी लाईन कधी पूर्ण कोरडी होत नाही, गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला तरी थेंब थेंब येतच राहतं, आणि पाईपमध्ये पाणी असलं की ज्योत कितीही मारा, ते पाणी १०० डिग्रीला उकळून सगळी उष्णता घेऊन जातं. सोल्डर वितळायला २२० च्या वर लागतात आणि ब्रेझिंगच्या काडीला साधारण ७०० ते ८००. म्हणून तर पाईपमध्ये पावाचा गोळा कोंबून थेंब अडवायचा जुना जुगाड आहे. क्रिंपिंगला थेंबाचं काही वाटत नाही. शिवाय शेजारी पीओपी, लाकूड, सीपीव्हीसी असं काही असेल तर ज्योत नको वाटतेच.

आता हे चालतं कसं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. या फिटिंगच्या (हिलाच प्रेस फिटिंग म्हणतात) तोंडाशी एक फुगीर कडं दिसतं ना, त्याच्या आत काळी ओ-रिंग बसवलेली असते, पाण्याच्या फिटिंगला बहुतेक ईपीडीएम रबराची. टूलचा जबडा त्या कड्यावर बसवून दाबला की रबर पाईपवर आवळलं जातं आणि त्याच्या लगत फिटिंगचं तांबं षटकोनी चेपलं जातं. पाणी अडवतं ते रबर, पाईप बाहेर सरकू देत नाही तो षटकोन. दोन कामं, दोन वेगळ्या जागा. त्यातलं एक जरी अर्धवट झालं तरी जॉइंट आज ना उद्या दगा देणार.

म्हणून सगळ्यात आधी टूल हातात न घेता व्हर्नियर (व्यास मोजायची जबड्याची मापपट्टी) घ्या आणि पाईपचा बाहेरचा व्यास मोजा. मी हे तीनदा सांगेन, कंटाळू नका. मेहुण्याची फिटिंग १५ आणि २२ एमएमची, म्हणजे पाईप बाहेरून बरोब्बर १५ किंवा २२ हवा. आपल्याकडच्या मिस्त्रीने दहा वर्षांपूर्वी सुताच्या (इंचाच्या आठव्या भागाच्या) मापाचा पाईप लावला असेल तर खेळ इथेच संपला. दुसरं, टूलच्या जबड्यावर एम किंवा व्ही असं काहीतरी कोरलेलं असेल, तो त्या दाबाचा आकार. फिटिंगच्या कंपनीने कुठला आकार सांगितलाय ते पाकिटावर बघा, एमच्या फिटिंगला व्हीचा जबडा लावायचा नाही. दिसायला दाबलं जातं, आणि तीच तर पंचाईत आहे.

मापं जुळली? मग पाईप कापा, पण हॅकसॉने नाही, एसीवाले वापरतात त्या छोट्या चाकाच्या कटरने. आणि दर फेऱ्याला थोडा थोडाच आवळा, घाई करून आवळला तर पाईपचं तोंड आत वळतं. मग रीमरने (पाईपच्या तोंडाची धार खरवडायचं हत्यार) आतली कड काढा, बाहेरची पण. बाहेरची धार लोक विसरतात आणि फिटिंग आत ढकलताना तीच धार ओ-रिंगला ब्लेडसारखी कापते, आपल्याला कळत पण नाही. रीमर फिरवताना पाईपचं तोंड खाली धरा म्हणजे कीस आत पडत नाही. जुन्या पाईपवर रंग, सिमेंटचे डाग, उभे ओरखडे असतील तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा, खोल ओरखडा असेल तर तेवढा तुकडा कापूनच टाका, कारण उभा ओरखडा म्हणजे पाण्याला रबराखालून जायला नाली. फिटिंगमध्ये बोट घालून ओ-रिंग जागेवर आहे ना बघा. नंतर पाईप किती आत जायला हवा ती खूण मार्करने करा (१५ एमएमला साधारण २० एमएम धरतात, पण कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं, तक्ता बघा), हलकेच फिरवत ठेपेपर्यंत ढकला, आणि जबडा कड्यावर सरळ, काटकोनात बसवून एका दमात शेवटपर्यंत दाबा. बऱ्याच हँडटूलला रॅचेट असतो, पूर्ण दाबल्याशिवाय तो सुटतच नाही. मध्येच सोडायचं नाही. दाबून झालं की खूण अजून फिटिंगच्या काठाशीच आहे ना ते बघायचं, मागे सरकली असेल तर पाईप बाहेर आलाय.

हँडटूलची एक अडचण प्लंबरने तुम्हाला सांगायला हवी होती. बॅटरीवरच्या मोठ्या मशीनचा जोर ३२ किलोन्यूटनच्या आसपास, म्हणजे सव्वातीन टन. हाताच्या टूलमध्ये जोर येतो तो लांब दांड्यांमधून, आणि दांडे उघडायला जागा लागते. गच्चीवर मजेत होईल, गीझरच्या मागे भिंतीला चिकटलेल्या एल्बोवर नाही होणार. तिथे फिटिंग आधी बाहेर दाबून घ्या, मग जोडलेला तुकडा आत न्या. १५ ला सोपं जातं, २२ ला जोर लागतो, त्याच्या वर मी हाताने जातच नाही.

सोलरचं म्हणाल तर ईपीडीएम साधारण ११० डिग्रीपर्यंत चालतं आणि तुमच्या टाकीला वर हवेचा पाईप मोकळा असेल तर पाणी १०० च्या पुढे जात नाही, त्यामुळे टाकीपासून खालच्या लाईनला हरकत नाही. पॅनेलचं सर्किट बंद, वेगळ्या द्रवाचं असेल तर उन्हात ते खूपच तापतं, तिथे ही साधी ओ-रिंग लावू नका.

सगळं झालं की लगेच प्लास्टर नको. आधी नुसतं टाकीचं पाणी सोडा. दहा मीटर उंचीला १ बार (बार म्हणजे दाबाचं माप), तुमच्या तळमजल्याला जेमतेम तेवढाच मिळणार. चांगल्या फिटिंगची रचनाच अशी असते की दाबायचा राहिलेला जॉइंट कमी प्रेशरलाच गळून चुगली करतो. पण सगळ्या फिटिंगना ही सोय नसते, आणि इथे माझीच फजिती सांगतो. कळव्याला मावशीकडे आठ जॉइंट केले, एक टी (तीन तोंडांची फिटिंग) दाबायचाच राहिला. नुसत्या ओ-रिंगच्या पकडीवर तो दोन दिवस टिकला, थेंब नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्याचा प्रेशर पंप चालू झाला आणि टी सुटून बाथरूमभर कारंजं. मावशी अजून ऐकवते. तेव्हापासून दाबलेल्या प्रत्येक जॉइंटवर मी मार्करने टिक करतो आणि मग टिका मोजतो. नंतर प्लंबरकडचा हाताचा टेस्टिंग पंप लावून, रोजच्या प्रेशरच्या दीडपट ठेवून बघा. हवेने टेस्ट करू नका, सुटलं तर फिटिंग गोळीसारखी येते.

प्रश्न : ऑनलाईन 'कॉपर पाईप क्रिंपिंग टूल' म्हणून मागवलं, सोबत तांब्याच्या रिंगा आणि एक पत्र्याची खाचांची पट्टी आली. घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये गीझरच्या कॉपर पाईपवर रिंग चढवून बघितली, काहीच पकडत नाही. माल खराब आहे का?

उत्तर : माल बरा असेल, पण तुमच्या कामाचा नाही. ते पेक्स नावाच्या प्लास्टिक पाईपचं टूल आहे. त्यात पितळी फिटिंग पाईपच्या आत जाते आणि बाहेरून तांब्याची रिंग आवळतात, कॉपर आहे ती रिंग, पाईप नव्हे! ती पट्टी म्हणजे गेज, रिंग बरोबर आवळली का ते तपासायला. परत करता येत असेल तर आजच करा, पाकीट फाडलेलं असलं तरी एकदा विचारून बघा. आणि पुढच्या वेळी जाहिरातीतलं नाव नका वाचू, जबड्याचा आकार आणि पाईपचं माप वाचा.

प्रश्न : ऐरोलीला एसी बसवला तेव्हा पाच सुती कॉपरचा सहा फूट तुकडा उरला. तो १५ एमएमच्या प्रेस फिटिंगला लावून गरम पाण्याला वापरू का? जवळपास सारखाच दिसतोय.

उत्तर : हे 'जवळपास'च मारतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ एमएम, पाच सूत झाले १५.८८. फिटिंग १५ ची. जाणारच नाही, आणि ठोकून घातलात तर ओ-रिंग गेली. गंमत अशी की अमेरिकेतला जो पाण्याचा 'अर्धा इंची' कॉपर पाईप असतो तो बाहेरून १५.८८ च भरतो, म्हणजे तिकडून आलेल्या अर्धा इंचीमध्ये तुमचा पाच सुती मापाला बसेल आणि इंग्लंडच्या पंधरामध्ये नाही. पण एसीचा पाईप मऊ असतो, गुंडाळीतून आल्यामुळे किंचित चपटा पण, त्यामुळे मापाला बसला तरी मी त्यावर क्रिंप करणार नाही. भंगारात तांब्याला भाव बरा आहे.

उलटं तर अजिबातच नको, म्हणजे पाण्याची प्रेस फिटिंग एसीच्या लाईनला. उन्हाळ्यात आर-३२ किंवा आर-४१०ए (हे एसीतले गॅस) च्या लाईनमध्ये २५-३० बार सहज असतात, त्याची ओ-रिंग, फिटिंग, जबडा सगळं वेगळं येतं.

प्रश्न : नौपाड्यात जुनी बिल्डिंग, जीआयची लाईन कुजलीय. बाथरूमपुरती कॉपर टाकून क्रिंप केली. एक जॉइंट पाझरतोय. आत जाईना म्हणून थोडं ग्रीस लावलं होतं. परत एकदा दाबलं तर थांबेल का दादा?

उत्तर : नाही थांबणार. एकदा दाबलेली फिटिंग परत दाबायची नाही, तो तुकडा कापून नवीन. आणि कारण तुम्हीच लिहिलंय, ग्रीस. ईपीडीएमला तेल-ग्रीस चालत नाही, ते फुगतं आणि बिघडतं. घासत असेल तर साधं पाणी किंवा साबणाचं पाणी लावायचं. खोबरेल तेल पण नको, विचारणार होतात ना? बाकीच्या जॉइंटना पण ग्रीस लावलं असेल तर आज कोरडे दिसले तरी ते बदला, वाईट वाटतंय सांगताना पण भिंत बंद करायच्या आधी वाईट वाटलेलं बरं. कापून जोडायला आतून ठेप नसलेला रिपेअर सॉकेट घ्या, तो एका पाईपवर पूर्ण सरकवून मग दुसऱ्यावर आणता येतो, मात्र दोन्ही पाईपांवर खुणा हव्यातच, नाहीतर तो एकीकडेच जास्त बसतो.

एक विचारलं नाहीत तरी सांगतो. पाणी आधी जीआयमधून येऊन मग कॉपरमध्ये जातंय ना? तसंच ठेवा. उलटं असेल, आधी कॉपर आणि पुढे जीआय, तर पाण्यात विरघळलेलं थोडंसं तांबं पुढच्या जीआयवर जाऊन बसतं आणि तिथे खड्डे पाडतं. दोघांना थेट पण जोडू नका, मध्ये पितळी अडॅप्टर टाका.

प्रश्न : नेरूळला स्वयंपाकघरात पाईप गॅसची कॉपर लाईन ओट्याच्या दुसऱ्या टोकाला न्यायचीय. तुमचं हेच टूल वापरून करू का?

उत्तर : नाही. गॅसच्या फिटिंगची ओ-रिंगच वेगळी असते, पण तो मुद्दा नंतरचा. ती लाईन तुमची नाही, गॅस कंपनीची आहे, त्यांनाच अर्ज करा, त्यांचा माणूस येऊन हलवून टेस्ट करून देतो. तोवर शेगडी आहे तिथेच राहू दे.

प्रश्न : टूल नाहीये, फक्त दोनच जॉइंट आहेत. पक्कडीने दाबलं तर? (कोपरखैरणे)

उत्तर : पक्कड दोन बाजूंनी चेपते, इथे चहूबाजूंनी सारखा दाब हवा. दोनच जॉइंटसाठी टूल घेऊ पण नका. पितळी कम्प्रेशन फिटिंग मिळते, नट आणि आत पितळी रिंग, दोन पाने लावून आवळायची, एकाने बॉडी धरायची दुसऱ्याने नट. भिंतीच्या आत नको, हात पोचेल अशा जागी लावा, कधीतरी पाव फेरा आवळायला लागतो. दुकानात जाताना पाईपचा तुकडा खिशात घेऊन जा, तोंडी माप सांगू नका.