पणजोबांच्या पदकांसाठी एफडी मोडावी का?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाने विचारलंय: पणजोबा पहिल्या महायुद्धात 117 व्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढले. त्यांचे बिल्ले दुष्काळात सोनाराकडे गेले, असं आजी सांगायची. आता एक विक्रेता त्यांच्याच नावाची तीन पदकं 90 हजारांना देतोय, 'पाच वर्षांत दुप्पट' असंही म्हणतोय. मुलाच्या फीसाठी ठेवलेली दोन लाखांची एफडी मोडू का?

दादा, एफडी मोडू नका. जूनमध्ये फी भरावीच लागेल, तिला पदक चालणार नाही.

तुमची ओढ मला कळते, म्हणून आजीचा शब्द धरूनच बोलतो. त्या काळच्या तीन पदकांपैकी 1914-15 चा स्टार आणि व्हिक्टरी मेडल कांस्याचे; शिपायाला चांदीचं मिळे ते फक्त ब्रिटिश वॉर मेडल. सोनाराने घेतलं असेल तर तेच, आणि ते केव्हाच मुशीत गेलं असण्याची शक्यता मोठी. तेच पदक आज त्यांच्या नावाने समोर येतंय, म्हणून माझा पहिला संशय त्या पदकावर.

सराफाकडे कस लावून भागणार नाही. तो चांदी आहे एवढंच सांगेल, आणि नक्कलही चांदीत ओतता येते. भिंग घेऊन कड बघा. नंबर, हुद्दा, नाव, पलटण हे सगळं तिथे एकेक अक्षर ठशाने ठोकलेलं असतं, अक्षरांच्या कडा धारदार. (स्टारवर ते मागच्या सपाट बाजूला.) ओतीव नकलेत अक्षरं गुळगुळीत, बोथट दिसतात, भोवती बारीक छिद्रं. त्याहून फसवा प्रकार म्हणजे अस्सल पदकावरचं दुसऱ्याचं नाव कानशीने घासून नवं कोरणं. वॉर मेडलचा व्यास 36 मिमी असतो. कड घासली की व्हर्निअरवर (बारीक माप घेण्याच्या साधनावर) कमी भरतो. ओतीव नक्कलही थंड होताना आकसते, त्यामुळे तीही बहुधा इथेच पकडली जाते.

शिवाय नाव जुळलं म्हणून हुरळू नका. एका पलटणीत एकाच नावाचे अनेक शिपाई असत. घरातल्या डिस्चार्जच्या कागदावरचा नंबर जुळायला हवा.

दुप्पट होण्याचं विसरा. पदकाला व्याज नाही, गिऱ्हाईक मोजकं, आणि विकायला जाल तेव्हा व्यापारी आपला नफा कापूनच भाव देईल. परदेशी लिलावाचाही भरवसा नको: 1972 च्या पुरावशेष कायद्याने 100 वर्षांवरच्या पुरातन वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि ही पदकं त्या वयाला पोचली आहेत.

विक्रेत्याकडून कडेचे आणि स्टारच्या पाठीचे, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले फोटो मागवा. नंबर जुळला तर फक्त स्टारची किंमत विचारा; कांस्याचा म्हणून तो मुशीतून वाचलेला असू शकतो. 'खोटं निघाल्यास पैसे परत' हे बिलावर लिहून घ्या, रक्कम बँकेतूनच द्या, आणि तीही फी भरून उरलेल्या पैशातून. थांबायला तयार नसेल, तर तो स्टार जाऊ द्या.