वाचकांचे प्रश्न : हॅम परवान्याची पहिली परीक्षा

हौशी रेडिओच्या (‘हॅम’च्या), म्हणजे छंद म्हणून स्वतःच्या केंद्रावरून बिनतारी संपर्क साधण्याच्या परवान्याविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण मला सर्वाधिक वेळा विचारली जाते, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून सातारा येथे एका पतसंस्थेत नोकरी करते. मी ‘रिस्ट्रिक्टेड ग्रेड’ची, म्हणजे परवान्याच्या खालच्या श्रेणीची परीक्षा दिली. नियमांच्या भागात ५० पैकी ४१ गुण मिळाले, परंतु तांत्रिक भागात १८च मिळाले. एकूण ५९ गुण असूनही मला अनुत्तीर्ण ठरविण्यात आले. प्रश्नपेढी मी तीन वेळा पाठ केली होती. विज्ञान न शिकलेल्या व्यक्तीने हा नाद सोडून द्यावा काय?

उत्तर : मुळीच सोडू नये. आपण केवळ दोन गुणांनी राहिला आहात. या ग्रेडसाठी एकूण ५० टक्के गुण पुरेसे असले, तरी प्रत्येक भागात स्वतंत्रपणे किमान ४० टक्के, म्हणजे ५० पैकी २० गुण मिळवावेच लागतात. एका भागातील जादा गुणांनी दुसऱ्या भागातील तूट भरून निघत नाही, आणि माझ्या मते हे योग्यच आहे. कारण परवाना मिळाल्यावर आपल्या हाती खराखुरा ट्रान्समीटर येणार असतो, आणि तो बिघडलेल्या स्थितीत चालविला तर शेजाऱ्याच्या दूरचित्रवाणीपासून इतर सेवांच्या संदेशांपर्यंत अनेकांना त्रास होऊ शकतो.

खरी अडचण विज्ञानाची नसून पाठांतराची आहे. प्रश्नपेढीत बारा व्होल्ट आणि सहा ओहम असे आकडे असतात, उत्तर दोन अँपिअर येते आणि ते लक्षातही राहते. परीक्षेत मात्र नऊ व्होल्ट आणि दीड किलोओहम असे विचारले, की पाठ केलेले उत्तर कामास येत नाही. तेथे नऊला दीड हजाराने भागावयाचे असते व उत्तर सहा मिलिअँपिअर येते. आपण पतसंस्थेत काम करता. हजारांची रक्कम लाखांच्या रकान्यात गेली तर खतावणी जुळत नाही, हे आपणांस मी सांगावयास नको. किलो, मेगा, मिलि, मायक्रो हे असेच रकाने आहेत. गणित सोडविण्यापूर्वी प्रत्येक आकडा मूळ एककात लिहून घेण्याची सवय लावा. आपले दोन गुण बहुधा तेवढ्यानेच भरून निघतील.

यापुढील गोष्ट हाताने करावयाची आहे. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक लाल एलईडी, ४७० ओहमचा एक रेझिस्टर (विजेला रोध करणारा भाग) आणि एक साधा मल्टिमीटर आणा. रेझिस्टरवर पिवळा, जांभळा व तपकिरी असे पट्टे असतील. पिवळा म्हणजे चार, जांभळा म्हणजे सात आणि तपकिरी म्हणजे पुढे एक शून्य. बॅटरी, रेझिस्टर आणि एलईडी हे तिन्ही एकामागोमाग एक जोडा. एलईडी पेटली नाही तर तिची दोन टोके उलटी करा. एलईडी हा एक डायोडच आहे, आणि डायोड एकाच दिशेने वीज वाहू देतो, हे वाक्य त्यानंतर पाठ करण्याची गरज उरणार नाही. लाल एलईडीवर सुमारे दोन व्होल्ट पडतात, उरलेले सात व्होल्ट रेझिस्टरवर. सात भागिले ४७०, म्हणजे जवळजवळ १५ मिलिअँपिअर. आता मल्टिमीटर मिलिअँपिअरच्या खुणेवर ठेवून मंडलाच्या मध्ये जोडा आणि आकडा वाचा. तो अगदी पंधरा येणार नाही, कदाचित चौदा येईल. बॅटरी थोडी उतरलेली असते, रेझिस्टरही पाच टक्के कमीअधिक असू शकतो. मग ४७० काढून एक किलोओहमचा रेझिस्टर लावा. प्रकाश मंदावेल आणि मीटर सुमारे सात दाखवील. ओहमचा नियम, एकसर जोडणी आणि विजेच्या शक्तीचे सूत्र, अभ्यासक्रमातील एवढा भाग या एका मंडलात येतो.

लहरींचा संचार हा विषय तर बहुतेक मराठी घरांत अनुभवलेला असतो. त्याची परीक्षेशी सांगड घातलेली नसते, एवढेच. घरात जुना ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्हवर दुपारी बारा वाजता काटा फिरवा आणि रात्री दहा वाजता पुन्हा फिरवा. दुपारी जवळचे एखाददुसरे केंद्र लागेल. रात्री त्याच पट्ट्यात दूरदूरच्या भाषा एकमेकींवर चढलेल्या ऐकू येतील. आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, सर्वांत खालचा ‘डी’ हा थर साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर, सूर्यप्रकाशामुळे तयार होतो आणि मीडियम वेव्हसारख्या कमी वारंवारतेच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो आणि लहरी वरच्या थरांपर्यंत जाऊन पृथ्वीकडे परततात. हॅम मंडळींचा ४० मीटर तरंगलांबीचा (सुमारे ७ मेगाहर्ट्झचा) पट्टा दिवसा देशांतर्गत गप्पांना आणि रात्री दूरच्या देशांना सोयीचा का असतो, याचेही कारण मुख्यतः हेच आहे. दोन रात्री ट्रान्झिस्टर ऐकून मग पुस्तकातील आकृती पाहा. थरांची नावे आपोआप जागेवर बसतील.

अँटेनाचे गणित गुण मिळवून देणारे असते, म्हणून तेही येथे करून दाखवितो. ३०० ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की मीटरमध्ये तरंगलांबी मिळते. ७.१ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे ४२ मीटर येते, तिची अर्धी २१ मीटर. प्रत्यक्ष तारेत टोकांच्या परिणामामुळे सुमारे पाच टक्के लांबी कमी घ्यावी लागते, म्हणून अर्धतरंग डायपोल, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंस सारखी तार असलेला अँटेना, २० मीटरच्या आसपास, म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूस दहा मीटर होतो. सुताची दोरी घेऊन आपल्या गच्चीवर ही लांबी एकदा मोजून पाहा.

राहिला सुपरहेटेरोडाइन रिसीव्हर, म्हणजे आलेली वारंवारता एका ठरावीक ‘मधल्या’ वारंवारतेत बदलून घेणारा रिसीव्हर, ज्याला बहुतेक जण घाबरतात. त्याची चौकटींची आकृती रोज एकदा, न पाहता, स्वतःच्या हाताने काढावी आणि त्यात आकडे भरावेत. समजा, आपणांस ७१०० किलोहर्ट्झ ऐकावयाचे आहे आणि मधली वारंवारता ४५५ आहे. रिसीव्हरमधील ऑसिलेटर, म्हणजे स्वतःची लहर निर्माण करणारे मंडल, ७५५५ वर चालतो. दोहोंतील फरक ४५५. परंतु ८०१० वर कोणी बोलत असेल, तर त्याचाही ७५५५ शी फरक ४५५ च येतो आणि तोही आत शिरतो. हीच ‘इमेज फ्रिक्वेन्सी’, आणि तिला दारातच अडविणे हे, या दोन लहरी एकत्र करणाऱ्या मिक्सरच्या आधीच्या ट्यून केलेल्या मंडलांचे काम. हवी असलेली वारंवारता अधिक मधल्या वारंवारतेची दुप्पट, हे सूत्र या उदाहरणातून स्वतः काढता आले, तर आकडे कितीही बदलले तरी उत्तर चुकणार नाही.

प्रश्नपेढी फेकून देऊ नका. शेवटच्या पंधरा दिवसांत, केवळ आपली तयारी तपासण्यासाठी ती वापरा, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे आकडे बदलून तो पुन्हा सोडवा.

प्रश्न : मी नागपूरचा रहिवासी असून टपाल खात्यातून निवृत्त झालो आहे. तांत्रिक भाग मला जमतो. परंतु क्यू-कोड, ए३ई, जे३ई यांसारखी चिन्हे आणि नियमावली यांचा गोंधळ होतो. या वयात इतके पाठांतर होत नाही.

उत्तर : आपण आयुष्यभर पिन कोड हाताळले आहेत, तेव्हा कोडमधील प्रत्येक जागेला अर्थ असतो हे आपण जाणताच. प्रसारणाच्या चिन्हांचेही तसेच आहे. पहिले अक्षर मॉड्युलेशनचा, म्हणजे लहरीवर माहिती चढविण्याचा, प्रकार सांगते, मधला अंक संकेताचा प्रकार, आणि शेवटचे अक्षर कोणती माहिती पाठविली जाते ते. शेवटी ‘ई’ असेल तर बोलणे. त्यामुळे ए३ई म्हणजे दोन्ही साइडबँड (मूळ लहरीच्या वरचा व खालचा, आवाज वाहणारा भाग) असलेले ए.एम. बोलणे, जे३ई म्हणजे कॅरिअर (ती मूळ लहर) दाबलेले एका साइडबँडवरील बोलणे, एफ३ई म्हणजे एफ.एम. बोलणे. ए१ए म्हणजे कानाने ऐकावयाचा मोर्स, अर्थात टिंब-रेघांचे संकेत.

क्यू-कोड, म्हणजे ‘क्यू’ने सुरू होणारे तीन अक्षरी संक्षेप, यादीतून पाठ करू नयेत. ते संभाषणातून ऐकावेत. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर इंटरनेटवरून कोणालाही ऐकता येतो. त्यावर ४० किंवा २० मीटरचा पट्टा लावून रोज अर्धा तास बसावे. ‘माय क्यूटीएच इज…’ म्हटले की गावाचे नाव येते. आवाज चढउतार करू लागला की कोणी तरी ‘क्यूएसबी’ म्हणतो. दुसरे स्टेशन आडवे आले की ‘क्यूआरएम’, आणि विजांच्या कडकडाटाची खरखर आली की ‘क्यूआरएन’. शेवटच्या दोहोंची परीक्षेत हमखास गल्लत होते. ‘एम’ माणसाचा आणि ‘एन’ निसर्गाचा, असे मी स्वतः लक्षात ठेवले होते, आणि मराठीत ही अक्षरे बरोबर जुळतात.

नियमांच्या बाबतीत, प्रत्येक नियमामागचे कारण विचारावे. हौशी केंद्रावरून संगीत वाजविणे, व्यापारी निरोप देणे, गुप्त सांकेतिक भाषा वापरणे किंवा तिसऱ्या व्यक्तीसाठी संदेश पोहोचविणे यांस मनाई आहे, कारण ही सेवा स्वतः शिकण्यासाठी व प्रयोगासाठी दिलेली आहे. ती तार खात्याला पर्याय म्हणून दिलेली नाही. मात्र आपत्तीच्या वेळी हीच सेवा लोकांच्या उपयोगी पडते. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअर येथेच होते. इतर संपर्क तुटला असताना बेटांवरील लोकांची खुशाली त्यांच्या केंद्रावरून मुख्य भूमीवर पोहोचली. हा प्रसंग लक्षात ठेवला, तर तिसऱ्या व्यक्तीच्या संदेशाचा नियम आणि त्याला आपत्तीत असलेला अपवाद, दोन्ही एकत्रच आठवतात.

दोन ठिकाणी विशेष जपावे. पहिले, वेळेची नोंद. जागतिक प्रमाणवेळ आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे आहे, म्हणून १५ ऑगस्टच्या पहाटे तीनचा संपर्क लॉगबुकात, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीत, १४ ऑगस्ट, २१.३० असा जातो. वेळ बदलून तारीख तीच ठेवणे ही नेहमीची चूक आहे. दुसरे, पट्ट्याची कड. २० मीटरचा पट्टा १४.३५० मेगाहर्ट्झवर संपतो. १४.३४९ वर अपर साइडबँडमध्ये बोलल्यास आकडा आत दिसतो, परंतु आवाजाला वरच्या बाजूस जवळजवळ तीन किलोहर्ट्झ जागा लागते. म्हणजे बोलणारा पट्ट्याबाहेर गेलेला असतो.

प्रश्न : माझा मुलगा तेरा वर्षांचा असून आम्ही रत्नागिरीला राहतो. तो परीक्षेस बसू शकतो काय? तयारीसाठी ऑनलाइन मिळणारा स्वस्त हातातला सेट घेऊन द्यावा काय? आणि मोर्स शिकून थेट ‘जनरल ग्रेड’ ही वरची श्रेणी द्यावी काय?

उत्तर : किमान वय बारा वर्षे आहे, त्यामुळे तो बसू शकतो. अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर करावयाचा असतो. आपणांस मुंबई किंवा गोवा ही केंद्रे सोयीची पडतील. परीक्षेचे वेळापत्रक व शुल्क अर्ज करतेवेळी तेथेच पाहावे.

सेट मात्र आताच घेऊन देऊ नका. परीक्षा उत्तीर्ण होणे आणि परवाना हाती येणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, दोहोंमध्ये कागदपत्रांची तपासणी असते, आणि तोवर प्रसारण करणारे यंत्र बाळगणे हा नियमभंग आहे. ‘नुसते ऐकण्यासाठी घेतला’ हे उत्तर चालत नाही. त्या पैशांत मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न (तारा डाग देऊन जोडण्याचे तापणारे हत्यार) आणि ऐकण्यापुरता शॉर्टवेव्ह रेडिओ येतो, आणि तेराव्या वर्षी हातात सोल्डरिंग आयर्न येणे मला अधिक मोलाचे वाटते. आयर्न चालू असताना आपण जवळ बसावे.

जनरल ग्रेडसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स पाठविता व घेता यावा लागतो. पाच अक्षरांचा एक शब्द धरतात, म्हणजे मिनिटाला चाळीस अक्षरे. लेखी परीक्षेतही प्रत्येक भागात ५० आणि एकूण ५५ टक्के गुण लागतात. माझा सल्ला असा, की या वर्षी त्याने रिस्ट्रिक्टेड ग्रेड द्यावी, व्हीयू३ ने सुरू होणारे स्वतःचे कॉलसाइन (केंद्राचे ओळखचिन्ह) मिळवावे आणि मोर्स आजपासूनच सुरू करावा.

मोर्स शिकविताना त्याला टिंब-रेघांचा तक्ता दाखवू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. तक्त्यावरून शिकलेला मुलगा प्रत्येक अक्षर ऐकून मनात टिंबे मोजतो, मोजेपर्यंत पुढचे अक्षर निघून जाते, आणि मिनिटाला पाचसहा शब्दांवर त्याची गाडी अडते. अक्षर हा तबल्याच्या बोलासारखा अखंड ध्वनी म्हणून कानात जावयास हवा : ‘के’ म्हणजे डा-डि-डा, ‘एम’ म्हणजे डा-डा. अक्षर जलद वाजवावे, अगदी मिनिटाला पंधरा शब्दांच्या वेगाने, आणि दोन अक्षरांमधील मोकळी जागा मोठी ठेवावी. पहिल्या आठवड्यात ‘के’ आणि ‘एम’ ही दोनच अक्षरे द्यावीत. शंभरपैकी नव्वद बरोबर येऊ लागली की तिसरे जोडावे. रोज पंधरा मिनिटे, त्याहून अधिक नको. कोऱ्या वहीत पेन्सिलीने लिहून घ्यावे, आणि एखादे अक्षर निसटले तर तेथे रेघ मारून पुढे जाण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.