काढा, ज्यूस, योगा आणि गोळ्या: हृदयाबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न: बाबांना (वय ६२) दिवाळीच्या तोंडावर अटॅक आला, एक स्टेंट टाकलाय. आता तब्येत छान आहे, सकाळी तळजाईला फिरायला जातात. तिथे ग्रुपमधल्या एका काकांनी सांगितलं की या केमिकलच्या गोळ्यांनी किडनी जाते, त्यापेक्षा अर्जुनसालीचा काढा आणि दुधीचा ज्यूस घ्या, ब्लॉकेज आपोआप मोकळे होतात. बाबा आता गोळ्या बंद करायचं म्हणतायत. काय करू?
एक मुलगी, सहकारनगर

उत्तर: ताई, आधी एक काम करा. आजच बाबांच्या गोळ्यांच्या पट्ट्या हातात घ्या आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू आहेत ना ते बघा. एक बहुतेक ॲस्पिरिन असेल आणि दुसरी क्लोपिडोग्रेल नाहीतर टिकाग्रेलर. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी, तिच्यावर रक्तवाहिनीचं अस्तर चढायला काही महिने जातात आणि तोवर त्या जाळीवर रक्ताची गुठळी धरायची भीती असते, मध्येच गोळी सोडली तर स्टेंट अचानक बंद पडू शकतो आणि तो अटॅक पहिल्यापेक्षा वाईट असू शकतो. अटॅकनंतर या दोन गोळ्या साधारण वर्षभर देतात, मग बहुतेक एक थांबवतात, पण कुठली आणि कधी ते कार्डिओलॉजिस्टच ठरवणार, तळजाईवरचा ग्रुप नाही.

राहिलं केमिकलचं. ॲस्पिरिनचं मूळ विलो झाडाच्या सालीत आहे. पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध, जपानच्या अकिरा एंडोंना १९७० च्या दशकात एका बुरशीत सापडलं. म्हणजे ज्याला बाबा केमिकल म्हणतायत तेही झाडाबुरशीतूनच आलंय, फरक एवढाच की त्यातलं काम करणारं द्रव्य वेगळं काढून, किती द्यायचं आणि त्याने काय बिघडू शकतं हे हजारो पेशंटवर तपासून मग पट्टीत भरलंय. काढ्याचं तसं झालेलं नाही. आणि जो काढा खरंच काम करतो तो अंगावरही येऊ शकतो, हे मला सगळ्याच वाचकांना अगदी मनापासून सांगायचंय.

अर्जुनसालीला मी नावं ठेवणार नाही. आयुर्वेदात ती हृदयासाठी फार जुनी आहे, दुधात उकळून क्षीरपाक करतात, त्यावर काही छोटे अभ्यास झालेत आणि थोडा फायदाही दिसलाय. पण साल घेऊन ब्लॉकेज विरघळला असा भरवशाचा पुरावा नाही. घ्यायचीच असेल तर चांगल्या वैद्यांना विचारून, गोळ्या चालू ठेवून, आणि कार्डिओलॉजिस्टना सांगून घ्या, कारण बीपी आधीच गोळीने खाली आलेलं असतं, त्यात आणखी उतरलं तर चक्कर येऊ शकते.

दुधीच्या ज्यूसबद्दल मात्र मी कडक बोलणार. टेकडीच्या पायथ्याशी ज्यूसची गाडी असते, तिथे सकाळी आधीच काढून ठेवलेला हिरवा ज्यूस कॅनमधून ग्लासात ओततात, तो कुठल्या दुधीचा ते कुणालाच माहीत नसतं. दुधी कधीकधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. २०१० मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञांचा असा कडू ज्यूस पिऊन मृत्यू झाला, मग आयसीएमआरने, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, समिती नेमून कडू लागला तर अजिबात पिऊ नका असं सांगितलं. घरी करत असाल तर आधी एक चकती कापून जिभेला लावून बघा, जराही कडवट लागली तर अख्खा दुधी फेकून द्या. आवळा, आलं, पुदिना घालून कडवटपणा झाकला जातो म्हणून ही चव आधीच घ्यायची. आणि खरं सांगू का, दुधीची भाजी करून खा ना, फायबरही पोटात जातं.

योगा मात्र बाबांना नक्की करू द्या. भारतात २४ हॉस्पिटलांत अटॅक येऊन गेलेल्या जवळपास ४००० पेशंटवर योगाचा मोठा अभ्यास झाला, २०२० मध्ये छापून आला. योगा करणारे लोक आपल्या रोजच्या कामांना जास्त चांगले परतले, तब्येत बरी वाटते असंही त्यांनी सांगितलं. दुसरा अटॅक किंवा मृत्यू टळतो का, हे मात्र त्यातून पक्कं झालं नाही. नेहमीचे उपचार सगळ्यांचे चालूच होते, हे बाबांना मुद्दाम सांगा. शीर्षासन आणि जोरजोरात कपालभाती सध्या नको.

प्रश्न: वय ३४, हिंजवडीत आयटीत आहे, अंगाने बारीक, वजन ६४. ऑफिसच्या चेकअपमध्ये ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) जास्त आलं. बारीक माणसाला असं कसं? गोळीशिवाय काही करता येईल का?
वाकडहून एक वाचक

उत्तर: याचं उत्तर आपल्या पुण्यातच सापडलंय. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापला, ते आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच २२.३, पण अंगातली चरबी सहकाऱ्यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. आपली ठेवणच अशी, हातपाय काडीसारखे आणि चरबी पोटात. म्हणून काटा सोडा आणि टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून पोटाचा घेर मोजा, आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटीमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेलं की सावध.

ट्रायग्लिसराइड खाण्याने आणि चालण्याने चांगलं उतरतं. चहाची साखर, कोल्ड्रिंक आणि वीकेंडची बिअर थांबवा, चार वाजताची खारी आणि बाकरवडी रोज नको. ज्वारीची भाकरी, उसळ, वर जवसाची चटणी (मीठ बेतानेच), हे आपलं जेवण खरंच उत्तम आहे. रात्री अकराला बिर्याणी मागवायची सवय आधी मोडा. तीन महिन्यांनी परत तपासा. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पण खूप वर असेल किंवा घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल तर नुसत्या पथ्यावर बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न: माझं बीपी गोळी घेऊनही खाली येत नाही. साधं मीठ सोडून सैंधव वापरते, सकाळी कच्चा लसूण खाते, घसा धरतो म्हणून ज्येष्ठमध चघळते. अजून काय करू?
एक आजी, नारायण पेठ

उत्तर: आजी, ज्येष्ठमध आधी बंद करा. रोज चघळलं तर त्याने अंगात पाणी आणि सोडियम साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि बीपी चढतं, तुमचं कदाचित त्यानेच अडलं असेल, डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. सैंधवही शेवटी मीठच आहे, दिवसाला सगळं मिळून एक चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत, त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं आलं. लो सोडियम मीठ मात्र मनाने आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि किडनीचा त्रास किंवा बीपीच्या काही गोळ्या असतील तर ते चालत नाही. लसणाने बीपीला थोडी मदत होते, पण रक्त पातळ करायची गोळी असेल किंवा दातबीत काढायचा असेल तर तेही सांगायचं.

प्रश्न: छातीत जळजळ झाली की ओवा-हिंग घेऊन किती वेळ वाट बघावी? आणि अटॅकमध्ये जोरात खोकत राहिलं तर जीव वाचतो असा मेसेज आलाय, खरं का?
एक वाचक, हडपसर

उत्तर: खोकल्याचा मेसेज खोटा आहे, पुढे पाठवू नका. आणि वाट बघायचीच नाही, जर छातीवर दाब असेल, डावा हात, जबडा किंवा पाठ दुखत असेल, दरदरून घाम फुटला असेल. बायकांना आणि शुगर असलेल्यांना कधी नुसता दम लागतो किंवा मळमळतं, तिथे ॲसिडिटी म्हणून रात्र काढली जाते आणि तिथेच घात होतो. १०८ ला फोन करा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका, आणि जिथे ईसीजी लगेच निघतो अशा हॉस्पिटलला जा. ईसीजी नॉर्मल आला आणि ॲसिडिटीच निघाली तर घरी येऊन खुशाल ओवा खा.